ओळखीची वाघीण

१८ नोव्हेंबर २०२३, खैरटोला

सोमाजी बोरकुट्यांची तांबडी गाय काल संध्याकाळी परतली नाही. आज सकाळी बोडीच्या, गावाबाहेरच्या तळ्याच्या, पलीकडे सापडली. मी आणि वनरक्षक अजय वाढई पंचनाम्याला गेलो. मानेत चार सुळ्यांच्या खुणा, मागचा फरा खाल्लेला. फॉर्मवर ‘मारणारा प्राणी : वाघ’ असं लिहिलं. या वर्षातली ही अकरावी.

गावाची सगळी ढोरं चारायला नेणारा गायकी पोचू मडावी बाजूला उकिडवा बसून होता. साठीचा माणूस, बोलणं कमी. मी हात धूत होते तेव्हा म्हणाला, “डॉक्टरीनबाई, हे आपल्यावालीनं नाई मारली.”

‘आपल्यावाली’ म्हणजे नाल्याकाठची वाघीण. चार वर्षांपासून तिथंच राहते, दोनदा पिल्लं वाढवली. वनखात्याच्या यादीत तिला नंबर आहे. गावात नाव नाही, नुसतं आपल्यावाली.

अजय हसला. “काऊन, तुले सांगून गेली का भाऊ?”

“मले नाई. ढोराईले मालूम हाये. परवापासून बोडीवर कोनी पानी प्याले तयार नाई. आपल्यावाली दहा पावलावर बसली असली तरी पेतेत. हा कोनी दुसरा आला हाये.”

अजय मोटारसायकलकडे गेला. मी मात्र दिवसभर तेच वाक्य घेऊन फिरले. ढोरांना वाघाची भीती असते हे कोणीही सांगेल. पण हा वाघ कोणता, हे त्यांना कळतं? कुठल्या पुस्तकात हे वाचलेलं नाही.

पशुवैद्यकीच्या पदवीला दोन गुण कमी पडले म्हणून मी पदविका केली आणि पशुधन पर्यवेक्षक झाले. पंधरा वर्षं झाली. लोक डॉक्टरीनबाई म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. बाबा ब्रह्मपुरीला शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजून सांगतात, आमची साधना एक दिवस काहीतरी करून दाखवील. आज उगाच वाटलं, लिहून ठेवावं. म्हणून ही डायरी.

२६ नोव्हेंबर

रविवार होता. पोचूभाऊंबरोबर ढोरांमागे गेले. एकशे दहा जनावरं. नाल्याच्या वळणावर एक अर्जुनाचं झाड आहे, त्याच्या बुंध्यावर वाघिणीच्या मुताचा ओला पट्टा होता, वास मलासुद्धा आला. ढोरं त्याच्या खालून गेली. एका गोऱ्ह्यानं तर तिथं अंग घासलं.

मग कोसभर दक्षिणेला, एका सागाजवळ, पुढची गाय थांबली. तिच्यामागे सगळी थांबली. नाकं वर, कान पुढे, रवंथ बंद. वासरं आपोआप मध्ये गेली. पोचूभाऊंनी हाकललंसुद्धा नाही, तोंड फिरवून दुसरी वाट धरली.

“तुम्ही पाहिलं नाही, तिथं काय आहे ते?” मी विचारलं.

“मी कायले पाहू? त्याईनं पाह्यलं ना.”

मी झाडाजवळ गेले. तसाच ओला पट्टा होता. तसाच वास. मला दोन्हींत काही फरक कळला नाही.

परत येताना त्यांनी सांगितलं की लहान वासरू पहिल्या वर्षी दोन्ही वासांना भितं. मोठ्या गाईच्या मागे राहून राहून शिकतं. “शेजारीन कोन अन् चोर कोन, हे समजाले एक पावसाळा लागते.” चाळीस वर्षांत हे त्यांनी कितीदा पाहिलं असेल! आणि कोणाला सांगावंसं वाटलं नाही. अशिक्षित माणसाचं असं असतं, हातात काय आहे ते त्याला कळत नाही.

१० डिसेंबर

प्रयोग सुरू केला. मी एकटीनं. म्हणजे माती आणायला पोचूभाऊ येतात, पण आखणी माझी.

तीन घमेली. एकात आपल्यावालीच्या झाडाखालची माती, दुसऱ्यात परक्याच्या, तिसऱ्यात साधी. अजयनं कॅमेऱ्यातले फोटो दाखवले, दक्षिणेला खरंच एक नवा नर एकदा दिसला आहे. वनखात्याचे साहेब म्हणतात वाटसरू असेल, जाईल निघून. घमेलं कोंडवाड्याच्या फाटकाशी ठेवायचं, चोवीस गाई एकेक करून आत सोडायच्या आणि पाच मिनिटांत कोण काय करते ते लिहायचं. कुठल्या घमेल्यात काय आहे ते मला लिहिताना माहीत नको, म्हणून घमेली पोचूभाऊ ठेवतात.

२३ डिसेंबर

निकाल आले.

परक्याच्या मातीला चोवीसपैकी बावीस गाई बिथरल्या. आपल्यावालीच्या मातीला तीन. साध्या मातीला एक, आणि तीही मला पाहून.

मग सोमाजींच्या गोठ्यातल्या सहा संकरित गाई आणल्या, ज्या कधी रानात गेल्याच नाहीत. त्या दोन्ही वाघांना सारख्याच घाबरल्या. म्हणजे हे जन्माचं नाही, शिकलेलं आहे! गाय वाघावाघातला फरक वासावरून ओळखते, आणि कळप ते वासराला शिकवतो.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, “तुझ्या आईनं ऐकायला पाहिजे होतं.”

माझा शोध. लिहून पाहिलं कसं दिसतं ते. पोचूभाऊ बोलले होते हे खरं. पण बोलणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं.

१७ जानेवारी २०२४

इंटरनेटवर शोधून पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. निखिल साठ्ये यांना मेल पाठवला होता. वन्यप्राण्यांच्या वर्तनावर त्यांचं नाव आहे. आज उत्तर आलं. ‘साधनाताई, हे जर खरं असेल तर विलक्षण आहे. मी येतो आहे. तोपर्यंत कृपया कुणाशी बोलू नका.’

विलक्षण. हा शब्द माझ्या कामासाठी आजवर कोणी वापरला नव्हता.

४ फेब्रुवारी

सर चार दिवस राहून गेले. साधा माणूस. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी केलेला चहा प्याले, माझी वही पानन् पान वाचली, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मूळ वहीही नेली, संस्थेत सुरक्षित राहील म्हणाले.

त्यांनी विचारलं, “ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?”

मी म्हणाले, “पंचनामे करता करता लक्षात आलं.”

पोचूभाऊ तेव्हा दाराशीच होते, घमेली घासत. त्यांना पुण्याची मराठी कितपत समजते कोणास ठाऊक. त्यांची ओळख करून दिली, “हे आमचे गायकी, फार उपयोगी आहेत.” सरांनी हात पुढे केला तर पोचूभाऊंनी लांबूनच हात जोडून “जय सेवा” केलं.

पेपर, म्हणजे शोधनिबंध, आंतरराष्ट्रीय नियतकालिकात जाईल. छापून येईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, नाहीतर कोणी उचलून नेईल, असं सर पुन्हा पुन्हा बजावून गेले.

१९ एप्रिल

मोहफुलं वेचायला गेलेली भागीरथा लोनबले सकाळी साडेसहाला वाघानं मारली. नाल्यापासून जवळच. चाळीशीची बाई. तिच्या दोन शेळ्यांना मी गेल्याच महिन्यात लस दिली होती. दोन्ही शेळ्या तिच्या घरासमोर बांधलेल्या होत्या, लोक जमले तरी कोणी त्यांना पाला टाकला नव्हता. मी टाकला.

गाव पेटलं आहे. वनखात्याची गाडी दोन तास अडवून ठेवली. सगळ्यांचं एकच, नाल्यावाली वाघीण उचला.

२१ एप्रिल

पोचूभाऊ दवाखान्यात आले. कधी बसत नाहीत, आज बसले.

“बाई, तुमी सायबाले सांगा. हे आपल्यावाली नोहे.”

“कशावरून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी पुसता? पाच दिवसापासून ढोरं मोहाच्या बाजूले जाऊन नाई राह्यले. भागीरथा मेली त्याच्या आंधी तीन दिवसापासून. म्या तिले सांगतलं बी, उद्या नोको जाऊ. ते म्हने, फुलं का थांबून राह्यतेत. बाई, माह्यावालं कोन आयकते? तुमच्याजवळ लिवलेलं हाये.”

लिहिलेलं आहे हे खरं. ढोरं रोज कुठं अडतात ते मार्चपासून नव्या वहीत लिहिते आहे. दक्षिणेचा नर वर सरकतोय हे त्या नोंदीतून सरळ दिसतं.

सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “साधनाताई, मला तुमची तळमळ कळते. पण पेपर तपासणीत आहे. आत्ता हे सरकारी फायलीत गेलं, वर्तमानपत्रात आलं, की संपलं. आणि समजा गाई चुकल्या? त्या वाघिणीला सोडलं आणि तिनंच दुसरा माणूस मारला, तर जबाबदार कोण? तुम्ही. सहा आठवडे थांबा फक्त.”

फोन ठेवला. खरंच, जबाबदार कोण?

२३ एप्रिल

अजय आज मुद्दाम आला. दार लोटून म्हणाला, “म्याडम, साहेब आज रात्रीपर्यंत कागद वर धाडून राह्यले. जखमेवरची लाळ तपासाले गेली हाये, पन रिपोर्टले महिना दीड महिना लागते, अन् लोक थांबाले तयार नाई. तुमच्या त्या गाईच्या कामातून काई निंगते का? कच्चं-पक्कं काई बी असन तं सांगा, म्हनजे मी आनखी कॅमेरे लावाले तरी म्हनीन.”

मी म्हणाले, “अजून ठोस काही नाही.”

शास्त्रीय दृष्टीनं हे खोटं नाही. पेपर मान्य होईपर्यंत काहीच ठोस नसतं.

२८ एप्रिल

वाघीण धरली. बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. जनावर आजारी आहे का ते पाहायला मलाही बोलावलं होतं. तिच्या पोटाला हात लावला. गरम होतं, ढोराच्या पोटासारखंच. दात शाबूत, नखं शाबूत. माणसाकडे वळायला जी कारणं सांगतात त्यातलं एकही तिच्या अंगावर नव्हतं.

लोकांनी फटाके फोडले. पोचूभाऊ ढोरं घेऊन निघाले होते, त्यांनी थांबून पाहिलंही नाही.

संध्याकाळी सरांना कळवलं. ते पलीकडे एकदम उत्साहात आले. “ताई, याची कल्पना आहे तुम्हाला? ओळखीचा वाघ नाहीसा झाल्यावर कळप काय करतो, हे जगात कुणी नोंदवलेलं नाही. मुद्दाम ठरवून करताच आलं नसतं हे. एक दिवसही चुकवू नका.”

एक दिवसही चुकवणार नाही. निदान एवढं तरी माझ्या हातात आहे.

११ जून

लाळेचा अहवाल आला. नर.

अजयनं फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. पूर्वी दवाखान्यावरून जाताना हॉर्न वाजवायचा. आज सरळ गेला.

सरांना मेल केला. उत्तर आलं : ‘अप्रतिम पुष्टी! हे पेपरात घालता येईल.’

सहा आठवडे पुरे होऊन गेले आहेत. पेपर अजून तपासणीतच आहे.

२० जुलै

नोंदी भरपूर मिळताहेत. वाघीण गेल्यापासून कळपाला रानात निवांत जागाच राहिलेली नाही. आधी नाल्याकाठच्या पट्ट्यात आपल्यावाली असायची म्हणून तिथं दुसरा वाघ यायचा नाही, आणि ती ढोरांना क्वचितच हात लावायची. ढोरं तिथं निर्धास्त चरायची. आता दोन नवे वाघ त्या पट्ट्यात फिरतात. ढोरं अर्ध्या पोटी परततात. दूध कमी झालं आहे, गावात कुरकुर आहे. एका महिन्यात चार जनावरं गेली.

सरांनी नवी पद्धत कळवली. ढोरं जिथं अडतात, तिथं गायक्यानं त्यांना रेटायचं आणि किती मिनिटं ती हटून बसतात ते मोजायचं. अशा तीस फेऱ्या हव्यात. तीस ही संख्या महत्त्वाची असते.

पोचूभाऊंना समजावून सांगितलं. ते बराच वेळ काठीनं जमीन उकरत राहिले.

“बाई, ते नाई म्हनतेत तिथी आपन काऊन जाव? म्या जिंदगीत असं नाई केलं.”

“फक्त रेटायचं भाऊ. आत शिरायचं नाही. विज्ञानासाठी आहे.”

“तुमी म्हनता तं करतो.”

३ सप्टेंबर

एकोणतीस झाल्या. एक राहिली. सरांना आठ तारखेपर्यंत सगळं हवं आहे.

पोचूभाऊ सकाळी म्हणाले, “एकोनतीस झाले ना? तीस लिवून टाका. कोनाले समजते?”

मला राग आला. मी म्हणाले, “असं खोटं नाही लिहिता येत भाऊ. यातच तर सगळं असतं.”

“ढोरं दोन दिवसापासून गावाच्या भाईरच निंगाले तयार नाई, बाई. आखरावर जमतेत, तिथीच उभे राह्यतेत, अन् गावाकडं तोंड करतेत.”

“मग उद्याच जा. अशाच दिवशीची नोंद सर्वात मोलाची.”

उद्या मला गोवरा गावी लसीकरणाच्या शिबिराला जायचं आहे. माझा जुना मोबाइल त्यांना दिला. रेकॉर्डिंग कसं सुरू करायचं ते दोनदा दाखवलं, छातीच्या खिशात ठेवायला सांगितलं.

४ सप्टेंबर

पोचूभाऊ गेले.

१० सप्टेंबर

आज लिहू शकते.

चार तारखेला अकराच्या सुमारास ढोरं एकटीच पळत गावात आली. लोकांनी ओळखलं. काठ्या, डबे घेऊन पन्नास माणसं गेली. नाल्याच्या वळणावर सापडले. मी दुपारी गोवऱ्याहून पोचले तेव्हा त्यांना बैलबंडीवर घातलं होतं. केसरबाई, त्यांची बायको, चाकाला धरून चालत होती.

अजयनं पंचनाम्यासाठी सगळ्यांचे जबाब घेतले. मलाही विचारलं, “त्या बाजूले काऊन गेला असन हा? ढोरं जात नोहते म्हनते लोक.”

मी म्हणाले, “नेहमीसारखे चारायला गेले असतील.”

त्यानं तेच लिहिलं. सही केली. माझ्यासमोर बराच वेळ कागद धरून उभा होता.

मोबाइल सापडला. काच फुटली होती, पण आतलं शाबूत. एकेचाळीस मिनिटं. मी त्यातली पहिली अडतीस मिनिटं ऐकली. त्यात ते ढोरांशी गोंडीत बोलताहेत, एकेकीचं नाव घेऊन. रागावत नाहीत, विनवणी केल्यासारखं. मध्येच एकदा मराठीत म्हणतात, “चाल ना वं माय, बाईचा एकच दिवस राह्यला.”

पुढचं ऐकलं नाही. सरांना पाठवून दिलं. सरांचा निरोप आला, फार वाईट वाटलं, कुटुंबाला माझी सहानुभूती कळवा. खाली दुसरी ओळ होती. ढोरं सदतीस मिनिटं अडल्याची नोंद स्पष्ट आहे, तिसावी म्हणून धरतो आहे.

२ डिसेंबर

पोचूभाऊंचा भाचा चैतू ढोरं राखायला नाही म्हणाला. दुसरं कोणी तयार नाही. गावानं कळप मोडला. ज्यानं त्यानं आपापली जनावरं दारात बांधली, निम्मी बाजारात विकली. आखर रिकामं आहे, तिथं आता पोरं क्रिकेट खेळतात.

यंदाची वासरं कळपाबरोबर एक दिवसही रानात गेलेली नाहीत. म्हणजे त्यांना आता कोणी शिकवणार नाही. चारसहा वर्षांत जुन्या गाई गेल्या, की खैरटोल्यात एकही जनावर हे जाणणारं उरणार नाही. सरांना हे कळवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. हल्ली देत नाहीत.

१४ फेब्रुवारी २०२५

पेपर छापून आला. मला सरांनी पाठवला नाही, सिंदेवाहीच्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी फॉरवर्ड केला, ‘तुमच्याच गावाचं दिसतंय’ म्हणून.

पाच नावं आहेत. पहिलं डॉ. निखिल साठ्ये. बाकीची चार मी कधी ऐकली नाहीत, त्यातल्या एकानंही खैरटोला पाहिलेला नाही. माझं नाव नाही. शेवटी बारीक अक्षरात आभार आहेत, त्यात ‘स्थानिक पशुवैद्यकीय कर्मचारी’. नावसुद्धा नाही. कर्मचारी!

तीस फेऱ्या छापल्या आहेत.

पंधरा महिने. माझी वही, माझी आखणी, माझ्या रविवारच्या सुट्ट्या. मी चहा करून दिला त्या माणसाला. त्याला काय वाटतं, खेड्यातल्या माणसाच्या डोक्यातलं कसंही काढून न्यावं, वर स्वतःचं नाव लावावं आणि मागं वळून पाहू नये? त्यानं स्वतः काय केलं? जे दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं ते इंग्रजीत लिहिलं. एवढंच. आणि ते आता त्याचं झालं.

बाबांचा फोन आला होता. छापून आलं का, विचारलं. मी म्हणाले, रेंज नाही, नंतर बोलते.

१ मार्च

संस्थेच्या संचालकांना तक्रार लिहिली. सहा पानं. हा शोध प्रथम मी लावला, केव्हा, कुठे, कसा, सगळं तारखांसह. प्राध्यापकांनी वाचलं आणि म्हणाले, वही त्यांच्याकडे आहे म्हणता, मग साक्षीदाराची सही असलेली बरी, आणि तक्रार छापून आल्यापासून महिन्याच्या आत जायला हवी. प्रयोग चालू असताना तुमच्याबरोबर कोण होतं?

मी म्हणाले, बघते.

अजयकडे गेले. त्यानं कागद हातात घेतला, पहिलं पान वाचलं आणि परत दिला. म्हणाला, “मले याच्यात नोका घेऊ, म्याडम. एक कागद मी लिवला हाये तुमच्यासाठी. तेवढा बस झाला.”

८ मार्च

केसरबाईंकडे गेले. पोचूभाऊ गेल्यानंतर दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेले होते तेव्हा बायका खूप होत्या.

घर सारवलेलं होतं. एकच गाय ठेवली आहे, म्हातारी, दारात बांधलेली. केसरबाईनं बाज टाकली, पाणी दिलं. मी पर्समधून कागद काढायची वेळ शोधत होते. तीच बोलली.

“त्या दिवशी म्या म्हनलं याईले, नोका जाऊ. ढोरं पाय उचलून नाई राह्यले. तं मले म्हने, म्याडमचा एक दिवस राह्यला, झाला म्हनजे मोकळा.”

मी विचारलं, “तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?”

“पुसलं सगळ्याईनं. वनवाल्यानं बी पुसलं.” तिनं पदरानं गाईच्या डोळ्याजवळच्या माशा हाकलल्या. “सांगून का होते? मानूस तं येत नाई. अन् तुमाले इथीच नोकरी कराची हाये. ढोरं आजारी पडले तं कोनाले बोलवाव मंग आमी?”

गाय मला हुंगत होती. मी त्यासाठीच आले होते, आणि प्राध्यापकांनी मुदत सांगितली होती. मी कागद काढला.

“इथं सही हवी होती.”

ती साक्षरता वर्गात नाव लिहायला शिकली आहे. पेन धरून तिनं विचारलं, “काय लिवलं हाये याच्यात?”

“की हा शोध मी लावला.”

“कोनता शोध?”

“हाच. ढोरं वाघाला ओळखतात. आपला कोणता आणि परका कोणता, हे त्यांना वासावरून कळतं.”

केसरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती हसली. खरंच हसली, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत. सहा महिन्यांत तिला कोणी हसताना पाहिलं नसेल.

“अवं बाई,” ती म्हणाली, “ते तं सगळ्याईलेच मालूम हाये.”

मग मान खाली घालून तिनं एकेक अक्षर जोडत सही केली. केसरबाई पोचू मडावी. ‘पोचू’ लिहिताना थोडी थांबली, चुकू नये म्हणून.

९ मार्च

दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. तक्रार पुन्हा वाचली. सहा पानांत माझं नाव एकवीस वेळा आहे. सरांचं चौदा. पोचूभाऊंचं एकदाही नाही. मुद्दाम केलं नव्हतं. लिहिताना गरजच पडली नाही.

शेवटच्या पानावर, केसरबाईच्या सहीच्या वर थोडी जागा होती. तिथं हातानं लिहिलं : ‘या कामात कै. पोचू मडावी, गायकी, यांनी मदत केली.’

वाचून पाहिलं. ‘मदत’ हा शब्द बरोबर नाही, हे मला कळतं. बराच वेळ दुसरा शोधला. पण जो बरोबर आहे तो लिहायचा तर पहिल्या पानापासून सगळंच बदलावं लागेल, आणि मग खाली सही कोणाची करायची?

उद्या दहा वाजता सिंदेवाहीला जाणारी गाडी आहे.

१० मार्च

तक्रार आहे तशी रजिस्टर पोस्टानं पाठवली.